मोटारसायकलचा टायर : निवड आणि तिची कारणे

बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढविलेली लोखंडी धाव चाकाची झीज थांबवीत असे. गाडीवानाला बसणारे हादरे मात्र तिला थांबविता येत नसत. हे काम हवेकडे सोपवावे, ही कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश संशोधकाने १८४५ मध्ये पेटंट घेऊन मांडली. ती व्यवहारात रुजली मात्र १८८८ नंतर. त्या वर्षी जॉन बॉईड डनलॉप या पशुवैद्याने बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसविल्या. आजच्या मोटारसायकलचा सारा भारही रबराच्या वेष्टनात कोंडलेल्या हवेनेच तोललेला असतो. जमिनीशी तिचा संबंध केवळ दोन ठिकाणी येतो आणि त्यांतील प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी असते. वेग, वळण आणि ब्रेक या तिन्हींची भिस्त तेवढ्या जागेवरच असल्यामुळे टायरची निवड ही केवळ किमतीची बाब राहत नाही.

निवडीचा आरंभ मापापासून करावा. टायरच्या बाजूवर १००/९०-१७ असे आकडे असतील, तर त्याची रुंदी १०० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के आणि तो ज्या रिमवर बसतो तिचा व्यास १७ इंच, असा अर्थ होतो. २.७५-१८ ही जुन्या पद्धतीची खूण असून तिच्यात रुंदीही इंचांत दिलेली असते. अधिक रुंद टायर अधिक पकड देईल, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु अरुंद रिमवर रुंद टायर चढविला की त्याचा गोलवा बिघडतो, गाडी वळणावर जड होते आणि प्रसंगी टायर साखळीला घासू लागतो. म्हणून गाडीच्या कारखान्याने नेमून दिलेले माप सोडू नये.

मापापुढे ४८ पी यासारखी आणखी एक खूण आढळते. यातील ४८ हा आकडा १८० किलोग्रॅम भार दर्शवितो, तर पी हे अक्षर ताशी १५० किलोमीटर या वेगमर्यादेचे निदर्शक आहे. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून रोज शहर गाठणाऱ्या माणसाच्या दृष्टीने यातील पहिला आकडा फार महत्त्वाचा होय. ही भारक्षमताही हवेचा दाब योग्य असेल तरच मिळते. दाब कमी असल्यास टायरची कूस वारंवार दुमडते, तापते आणि अखेर आतील धाग्यांचे थर सुटू लागतात.

हे थर एकमेकांना तिरपे छेदत असतील, तर त्या टायरला बायस टायर म्हणतात; धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ गेलेले असतील, तर तो रेडियल होय. दोहोंची लवचीकता भिन्न असल्यामुळे, कारखान्याने तशी मुभा दिलेली नसल्यास, पुढे एक आणि मागे दुसरा अशी जोडी लावू नये. ट्यूबलेस टायरलाही हवा धरून ठेवणारी रिम लागते. तारांच्या चाकांत तारांच्या छिद्रांतून हवा निसटत असल्याने तेथे बहुधा ट्यूब आवश्यक ठरते. नव्या टायरबरोबर ट्यूबही नवी घ्यावी, कारण जुनी ताणलेली असते.

खाचांचे खरे कार्य पावसाळ्यात कळून येते. कोरड्या डांबरी रस्त्यावर गुळगुळीत रबरही चांगली पकड घेते. ओल्या रस्त्यावर मात्र पाण्याला वाट करून देण्यासाठी खाचा हव्यात. म्हणूनच दुचाकीच्या टायरवरील खाचांची खोली ०.८ मिलिमीटरहून कमी नसावी, असा भारतातील नियम आहे. ही किमान मर्यादा झाली; शहाणा चालक तेथवर पोहोचण्याची वाट पाहत नाही. ज्याला खडीच्या वा मातीच्या वाटेने जायचे आहे, त्याने ठळक ठोकळ्यांची नक्षी निवडावी. नित्याच्या डांबरी रस्त्याला अखंड रबर अधिक असलेली नक्षी मानवते.

रबर वापराविनाही म्हातारे होते. हवेतील ऑक्सिजन व ओझोन यांच्यामुळे ते कडक होते आणि त्याला बारीक तडे जातात. टायरच्या बाजूवरील चार आकडे त्याचे वय सांगतात : २३२४ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. दुकानात पैसे मोजण्यापूर्वी हे आकडे आणि आयएसआय चिन्ह अवश्य पाहावे. जुन्या टायरच्या खाचा पुन्हा कोरून तो विकला जात असल्यास कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. अशा कोरण्याने आतील धाग्यांवरचे उरलेसुरले रबरही जाते.

मागील टायर इंजिनाचा जोर जमिनीवर उतरवितो, त्यामुळे तोच लवकर झिजतो; आणि पुष्कळजण तेवढाच बदलून थांबतात. परंतु ब्रेक दाबताच भार पुढील चाकाकडे सरकतो. मागचे चाक घसरले तर कधीकधी तोल सावरता येतो, पुढचे घसरले की सावरण्यास बहुधा अवधीच मिळत नाही. म्हणून मागचा टायर बदलताना पुढचाही तपासावा, बाजूवरील बाणाची दिशा पाहून टायर बसवून घ्यावा आणि पहिले शे-दीडशे किलोमीटर गाडी जपून चालवावी. नव्या रबराचा गुळगुळीतपणा तेवढ्यात जातो. काटकसर करावयाची असेल, तर दर आठवड्यास टायर थंड असताना हवेचा दाब पाहावा. त्याला खर्च जवळजवळ नाहीच, आणि टायरचे आयुष्यही वाढते.