शिवी देतो कुणाला, लागते कुणाला?

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा, कारण आजचा भाग घरच्यांसमोर स्पीकरवर ऐकण्यासारखा नाहीये. आज बोलायचंय शिव्यांबद्दल. शिव्या द्यायच्या नाहीत, त्यांचा अर्थ बघायचाय.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे बिल्ड फेल झाला की कुणीतरी 'डॅम' म्हणतं आणि कुणालाच ती शिवी वाटत नाही. शब्दाचं मूळ लॅटिन आहे, 'डॅम्नम', म्हणजे नुकसान किंवा दंड. 'डॅमेज' आणि 'कंडेम' हे त्याचेच भाऊबंद. चर्चच्या भाषेत मात्र 'डॅम' म्हणजे देवानं माणसाला कायमचं नरकात धाडणं. त्यामुळे देवभीरू लोकांनी पळवाट काढली आणि 'डार्न' म्हणायला लागले.

ही पळवाट आपल्याकडेही आहे. सातारा-सांगलीत दर दोन वाक्यांमागे येणारं 'च्यायला' हे 'तुझ्या आईला'चंच झिजलेलं रूप. फरक बघा, 'डॅम'मध्ये देव आहे, 'च्यायला'मध्ये आई. अर्थात इंग्रज काही साधे नाहीत. 'सन ऑफ अ बिच'मध्ये चूक मुलाची आणि कुत्री ठरते आई.

हा हिशोब आपल्याकडे चक्क दगडावर कोरलाय. शिलाहार आणि यादवांच्या काळात जमीन दान दिली की कधीकधी एक दगड उभा करायचे, त्याला म्हणतात गद्धेगाळ. 'गद्धे' म्हणजे गाढव आणि 'गाळ' म्हणजे शिवी. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि बाई. अर्थ असा, की जो हे दान मोडेल त्याच्या आईवर गाढव चढेल. जमीन लाटणार हा, शिक्षा आईला!

आता 'रांडेच्या' घ्या. आपल्या भागात जिवलग दोस्तालाही प्रेमानं म्हणतात. पण मूळ संस्कृत शब्द 'रण्डा', आणि त्याचा एक अर्थ विधवा. गावाकडे अजूनही 'रंडकी' म्हणजे नवरा गेलेली बाई. म्हणजे एखादीचं दुःख हीच तिच्या पोराला शिवी झाली. सांगलीपासून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनाही हेच करायला सांगितलं. प्रथा गेली, तरी शब्द आपल्या तोंडात आहेच.

मग बायका शिव्या देतच नाहीत का? देतात की! सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करून एकमेकींना शिव्या घालतात. वाद्यं वाजतात, बघायला गर्दी जमते. हाच तो 'बोरीचा बार'. दोन सवतींच्या भांडणातून तो सुरू झाला, अशी गोष्ट सांगतात. मला यातलं एक आवडतं. इथं जिला शिवी द्यायची ती समोर उभी असते आणि उलट उत्तर देते. आपल्या रोजच्या शिवीत ज्या आईचं नाव येतं, ती बिचारी घरी भाकऱ्या थापत असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर 2024 मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड ठरवला. दंडानं जीभ किती वळेल ते वळो, पण प्रश्न त्यांनी बरोबर पकडलाय.

राग येणारच, आणि तो बाहेरही पडायला पाहिजे. फक्त ज्याच्यावर आलाय, त्याच्यावरच काढा. ट्रॅफिकवर, बॉसवर, बिल्डवर. आणि बिल्डला तर आईच नसते!

तुमच्या गावात बाईला मध्ये न आणणारी एखादी झणझणीत शिवी आहे का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू!