कितीला पडलं?

रायगडातला तळा स्वतंत्र तालुका झाला 1999 साली. त्याआधी, 1992 मध्ये, नाबार्डने बचतगटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली होती, आणि 2011 पासून राज्यात ‘उमेद’ हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं. या सगळ्या वर्षांत गटांतल्या बायका हिशेब शिकल्या, तो बचतीचा आणि कर्जाचा. कोणाचे किती जमा, कोणाचा हप्ता थकला, व्याज किती. हा हिशेब चोख असतो. बँक तोच मागते.

गटांचा धंदा सुरू झाला तेव्हा मात्र ही हिशेबाची वही अपुरी पडली. ती झालेलं सांगते, पुढचा निर्णय सांगत नाही. आपल्याकडे बाजारातून आलेल्याला पहिला प्रश्न असतो, ‘कितीला पडलं?’ व्यवस्थापकाचा सगळा लेखाव्यवहार या एका प्रश्नात आहे. इंग्लंडमधल्या मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवूड यालाही 1772 च्या मंदीतच तो पडला, तोवर धंदा जोरात होता म्हणून कोणी विचारलाच नव्हता!

समजा, नाचणीच्या लाडवांचं पाकीट 150 रुपयांना जातं. सामान आणि पाकिटाचे 100. उरले 50. खोलीचं भाडं आणि यंत्राचा हप्ता मिळून महिन्याला 3,000. लाडू वळा वा न वळा, हे द्यायचेच. म्हणजे 60 पाकिटं गेली की खर्च निघाला. पण लाडू वळणाऱ्या हातांचं काय? पाकिटामागे 30 रुपये मजुरी धरली की उरतात 20, आणि 60 ची 150 पाकिटं होतात. आता मुंबईचा दुकानदार 120 रुपयांना घाऊक मागतो. वहीप्रमाणे पाकिटामागे 20 सुटतात. खरं तर 10 जातात, आणि ऑर्डर जितकी मोठी तितके जास्त जातात.

अर्थात मजुरी बारमाही सारखी धरू नये. हाताला दुसरं काम नसेल तेव्हा 120 चा भावही घ्यावा, चार पैसे तरी येतात. भातलावणीत तेच हात शेतावर रोख कमावतात, तेव्हा नको म्हणावं. हे पुस्तकापेक्षा तळ्यातल्या बाईला लवकर कळतं. फक्त कागदावर येत नाही.

भाडं-हप्त्याचा धडा 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने दिला. रायगडात कित्येक गावांत पुढे दिवसचे दिवस वीज नव्हती. गिरण बंद, हप्ता चालू. यंत्र घेताना ‘महिनाभर बंद राहिलं तर?’ हे विचारण्यातच निम्मं शहाणपण होतं.

कर्जाच्या रकान्यांवर या वर्षांत जेवढी मेहनत झाली, तिच्या चौथाईही ‘कितीला पडलं?’ या हिशेबावर झालेली नाही, असं माझं मत आहे. गटाच्या नोंदवहीत ‘घरची मजुरी’ असा रकाना नसेल, तर येत्या बैठकीत तो आखून घ्या.