चेतकच्या जागी कोण?

तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून वर सरकलं. आपल्याकडे माड आडवे झाले, घरांवरची कौलं उडाली, वीज गेली. वादळ उत्तरेकडे गेल्यावर मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाच्या जहाजांनी आणि हेलिकॉप्टरांनी त्यातली १८६ जिवंत बाहेर काढली. त्याच वादळात ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ या दुसऱ्या तराफ्यावरच्या १३७ जणांची सुटका झाली. तिथे टग आणि मदतनौकांबरोबर तटरक्षक दलाची चेतक हेलिकॉप्टरं होती. ज्या यंत्राचा मूळ नमुना १९५९ मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा उडाला, ते यंत्र बासष्ट वर्षांनी अरबी समुद्रावर वादळवाऱ्यात माणसं उचलत होतं.

वैमानिकांच्या कौशल्याचं कौतुक करताना ही दुसरी बाजूही सांगायला हवी. आरोंद्याहून तेरेखोलच्या मुखाकडे होडी घेऊन जाणारा मच्छीमार खोल पाण्यात अडकला, तर त्याच्यासाठी निघणारं हेलिकॉप्टर बहुधा गोव्याहूनच येईल. ते कोणत्या पिढीचं असावं, या प्रश्नाचा निकाल दिल्लीत वीस वर्षांत लागलेला नाही.

चेतक म्हणजे फ्रेंच ‘अलूएत ३’. १९६२ मध्ये करार झाला आणि बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, ते बांधायला घेतलं. चीता हे त्याचं भावंड खास भारताच्या मागणीतून जन्मलं. हिमालयातल्या चौक्यांसाठी हलकं पण दमदार यंत्र हवं होतं, म्हणून फ्रेंच अभियंत्यांनी जुन्या अलूएत २ चा हलका सांगाडा घेतला आणि त्यावर अलूएत ३ चं इंजिन आणि पंखा चढवला. या जोडणीतून जे निघालं त्याने १९७२ मध्ये १२,४४२ मीटरचा उंचीचा विक्रम केला. १९८४ च्या ऑपरेशन मेघदूतपासून सियाचीनची शीर ती हीच. सर्वांत वरच्या चौक्यांवर एका फेरीत वीस-पंचवीस किलो सामान जातं, कधी रॉकेल, कधी औषधं, आणि परतताना हिमदंश झालेला एखादा जवान खाली येतो. महाराष्ट्रातल्या किती गावांची पोरं त्या चौक्यांवर राहून आली आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणूनच या यंत्रांना नावं ठेवणं सोपं नाही. त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. पण त्यांत एकच इंजिन आहे. हवामानाचं रडार नाही, स्वयंचलित उड्डाणाची सोय नाही. ढग उतरले की वैमानिकाच्या हाती उरतात ते त्याचे डोळे आणि अनुभव. मार्च २०२२ मध्ये गुरेझला, ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ आणि मार्च २०२३ मध्ये अरुणाचलातल्या मंडालाजवळ चीता कोसळली. एका वर्षात तीन. नाशिक रोडच्या गांधीनगरला लष्कराच्या हवाई शाखेची प्रशिक्षण शाळा आहे. आपल्या राज्यात शिकून बाहेर पडणारे तरुण अधिकारी आजही याच यंत्रांवर पुढे जातात.

बदलीचा पहिला मोठा प्रयत्न १९७ हेलिकॉप्टरांचा होता. स्पर्धेत अमेरिकेचं बेल ४०७ आणि युरोकॉप्टरचं फेनेक उतरलं. फेनेक पुढे गेलं, पण चाचणीला आणलेलं यंत्र लष्करी नव्हे तर नागरी आवृत्तीचं होतं, हा आक्षेप आला आणि डिसेंबर २००७ मध्ये सगळं रद्द झालं. २००८ मध्ये पुन्हा तेवढ्याच यंत्रांसाठी निविदा निघाली. या वेळी फेनेकसमोर रशियाचं कामोव्ह २२६ होतं. चाचण्या झाल्या, वर्षं गेली, गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये अरुण जेटली संरक्षणमंत्री असताना तीही निविदा मोडीत निघाली. त्याच वर्षाच्या पहिल्याच दिवशी ऑगस्टा वेस्टलँडचा अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीचा सौदा रद्द झाला होता. हेलिकॉप्टर हा शब्द उच्चारला तरी फाइलवरचा हात थरथरावा, असा तो काळ होता. प्रत्येक वेळी रद्द करण्याला सबळ कारण होतं, हे मी मान्य करतो. आक्षेपार्ह सौदा रेटून नेणं हा मार्ग नव्हेच. पण निविदा रद्द करणाऱ्याला सही करताना फक्त पैसे दिसतात. त्या दिवसापासून पुढची सात वर्षं कोणीतरी जुनंच यंत्र उडवणार आहे, याचा हिशेब त्या फाइलमध्ये कुठेच मांडलेला नसतो.

तो हिशेब घरच्यांनी मांडला. १ ऑक्टोबर २०१४ रोजी बरेलीला चीता कोसळून तीन अधिकारी गेले. त्यानंतर लष्करी वैमानिकांच्या पत्नी एकत्र आल्या आणि त्यांनी ही यंत्रं थांबवा अशी मागणी लावून धरली. लष्करी शिस्तीच्या घरात राहून हे करणं किती अवघड असतं, हे त्या वातावरणात वाढलेल्यांना सांगायला नको. त्यांचं निवेदन ज्या संरक्षणमंत्र्यांकडे गेलं ते मनोहर पर्रीकर होते. नदीपलीकडे पेडण्यात मोपाच्या पठारावर आज त्यांच्या नावाचा विमानतळ आहे. त्यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर २०१५ मध्ये, रशियाशी कामोव्ह २२६ साठी करार झाला. एकूण २०० यंत्रं, त्यातली ६० तयार येणार आणि १४० भारतात बनणार. मग किंमत आणि देशी सुट्या भागांचं प्रमाण यांवर घोडं अडलं ते अडलंच.

दरम्यान एचएएलचं स्वतःचं हलकं हेलिकॉप्टर, एलयूएच, ६ सप्टेंबर २०१६ रोजी उडालं. लष्कर आणि हवाई दल मिळून १८७ यंत्रांची गरज सांगितली गेली. लेह आणि दौलत बेग ओल्डीच्या विरळ हवेत त्याच्या चाचण्या झाल्या, २०२१ मध्ये पहिल्या १२ ना मंजुरी मिळाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये तुमकूरला ६१५ एकरांचा कारखाना उभा राहिला. कारखाना आहे, यंत्र आहे, तरी ते शेकड्यांनी दलांकडे जाताना दिसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने पुन्हा २०० टेहळणी हेलिकॉप्टरांसाठी माहिती मागवली आहे, १२० लष्कराला आणि ८० हवाई दलाला.

किनाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि वर्तमानपत्रांतल्या चर्चेत ती डोंगराच्या गोष्टीत मिसळली जाते. सियाचीनला हलकेपणा सर्वांत मोठा, तिथे दुसऱ्या इंजिनाचं वजन परवडत नाही. समुद्रावर उलट आहे. खाली पाणीच पाणी असताना एकमेव इंजिन बंद पडलं तर उतरायला कातळही नाही. म्हणून नौदलाला दोन इंजिनं हवीत, शिवाय लहान जहाजाच्या हँगरमध्ये शिरण्यासाठी पात्यांची घडीही व्हायला हवी. एचएएलचं ध्रुव दोन इंजिनांचं आहे, पण त्याचा बिजागरी नसलेला ताठ पंखा घडीसाठी अवघड, आणि तिथेच नौदलाची जुनी तक्रार होती. २०१२ मध्ये ५६ यंत्रांची निविदा निघाली, ती टिकली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये १११ यंत्रांना मान्यता मिळाली, किंमत २१,००० कोटींच्या वर. हे काम खासगी उद्योगाला द्यायचं की एचएएललाही स्पर्धेत घ्यायचं, या वादात वर्षं निघून गेली. मार्च २०२३ मध्ये एचएएलच्या ६० सागरी हेलिकॉप्टरांना मान्यता मिळाली. या सगळ्याच्या मधोमध, २०१७ मध्ये, नौदलाला एचएएलकडून आणखी आठ हेलिकॉप्टरं घ्यावी लागली. ती चेतक होती! चेतकच्या जागी चेतक. स्वित्झर्लंडने आपली अलूएत ३ २०१० मध्ये निवृत्त केली, नेदरलँड्सने २०१६ च्या सुमारास, पोर्तुगालने २०२० मध्ये.

देशी म्हणून डोळे झाकून घ्यावं असंही माझं म्हणणं नाही. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं आणि तिघे गेले. पंख्याला दिशा देणारी ‘स्वॉशप्लेट’ तुटल्याचं समोर आलं. तीनशेहून अधिक ध्रुव जमिनीवर आणली गेली. लष्कर आणि हवाई दलाची मे महिन्याच्या सुमारास पुन्हा उडाली, नौदल आणि तटरक्षक दलाची त्यानंतरही थांबलेलीच होती. एप्रिल २०२१ मध्ये दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर ध्रुवची नवी तुकडी उभी राहिली तेव्हा या किनाऱ्याला आधार वाटला होता. ध्रुव थांबल्यावर भार उरलेल्या यंत्रांवर आला आणि त्यांत चेतकही आलं.

कॅनडाची कथा या जागी आठवते. १९९३ मध्ये तिथल्या नव्या सरकारने जुन्या सी किंग हेलिकॉप्टरांच्या बदलीचा करार मोडला आणि त्यापायी सुमारे ५० कोटी डॉलर गमावले. १९६३ मध्ये दाखल झालेली सी किंग मग २०१८ पर्यंत उडत राहिली. त्यांच्या जागी आलेलं सायक्लोनही २०२० मध्ये ग्रीसजवळ समुद्रात पडलं, सहा जण गेले. पण त्यानंतर तिथल्या लष्कराने चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला: वैमानिकाने हाताने दिलेली आज्ञा आणि उड्डाण-संगणकाची आज्ञा यांत विसंगती निर्माण झाली होती. नवं यंत्रही माणसं घेऊन जाऊ शकतं. का घेऊन गेलं, हे तिथल्या नागरिकाला वाचता येतं. आपल्याकडे लष्करी अपघाताचा अहवाल बंद कपाटात जातो, आणि मग फेनेक, कामोव्ह, ध्रुव यांच्याबद्दलचा वाद निविदेच्या आकड्यांवर आणि देशी-परदेशीच्या अभिमानावर चालतो. वैमानिकाला खरोखर काय मारतं, हे त्या वादात कोणी सांगूच शकत नाही.

डोंगरासाठी एलयूएच टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याच्या स्वतंत्र तपासणीनंतर घ्यावं. समुद्रासाठी एक इंजिन ही चर्चाच बंद करावी. आणि नव्या कराराच्या पहिल्या पानावर चीता आणि चेतक कोणत्या वर्षी थांबणार ते वर्ष छापावं, म्हणजे पुढची निविदा मोडणाऱ्याला ते वर्षही मोडावं लागेल. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा या दोन मतदारसंघांच्या खासदारांनी लोकसभेत दोन प्रश्न विचारावेत: पोरबंदरच्या अपघाताचा संपूर्ण अहवाल कधी जाहीर होणार, आणि दाबोळीच्या तळावरचं शेवटचं चेतक कोणत्या तारखेला उतरणार?