चमचाभर पाण्याचा गैरसमज

कॅक्टसबद्दलचा सर्वांत पक्का समज असा, की त्याला पाणी जवळजवळ लागतच नाही. रोपवाटिकेतून छोटी कुंडी उचलताना ‘आठवड्याला चमचाभर पाणी पुरे’ हा सल्लाही सोबत मिळतो. तो इमानेइतबारे पाळूनही झाड कुजते, तेव्हा पाणी किती घातले या हिशेबातच काहीतरी राहून गेलेले असते. राहिलेली गोष्ट म्हणजे ते पाणी मुळांभोवती किती काळ टिकले. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या दिवसचे दिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात. अशा दुबळ्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा, फ्युजॅरियम यांच्यासारखे रोगकारक चढाई करतात. तळाला भोक नसलेल्या काचेच्या वाडग्यात चमचा-चमचा साचलेले पाणीही एवढे काम आरामात करते.

वाळवंटी कॅक्टस मूळ जागी कसा जगतो हे पाहिले तर चमच्याचा सल्ला अधिकच विचित्र वाटतो. ॲरिझोना आणि मेक्सिकोत पसरलेल्या सोनोरा वाळवंटात पाऊस कमी पडतो, पण उन्हाळी सरी जोरदार येतात. तिथल्या उंच सग्वारो कॅक्टसची बरीचशी मुळे जमिनीत फार खोल न जाता दूरवर पसरतात आणि मिळेल ते पाणी भराभर ओढून घेतात. खोडाच्या उभ्या घड्या उलगडतात, खोड फुगते. मग जमीन कोरडी होते आणि झाड साठ्यावर जगते. म्हणजे त्याला भरपूर पाणीही हवे आणि त्यानंतरचा पूर्ण कोरडा काळही. कुंडीत हे जमवायचे तर तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि माती आतपर्यंत सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये. बोटभर वरची माती सुकली म्हणजे आतली सुकली असे नव्हे; लाकडी काडी खोल खुपसून किंवा कुंडी उचलून वजनावरून अंदाज घ्यावा. कॅक्टसची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे त्याच्या अंगातून पाणी फार कमी उडते. भर उन्हाळ्यात तुळस कुंडीतले पाणी एका दिवसात संपवते. कॅक्टस तसे करत नाही. म्हणून माती सुकवण्याचे काम झाडावर सोडून चालत नाही, ते मातीनेच करायला हवे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग आपल्याकडे बांधावर चार महिने पावसात उभा असतो, तो का कुजत नाही? कारण बांधावर त्याच्या मुळांखाली जमिनीचा खोल थर असतो, बहुधा मुरमाड, आणि पाणी त्यातून खाली ओढले जाते. कुंडीत मातीची उंची जेमतेम वीतभर. निथळून झाल्यावरही तळाचा काही भाग पाण्याने गच्च राहतो, कारण बारीक कणांनी धरलेले पाणी तेवढ्या उंचीवरून वजनाने सुटत नाही. ‘तळाला खडी घाला, निचरा होईल’ हा उपायही इथेच फसतो. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, आधी वरची माती गच्च भरावी लागते. म्हणजे खडीमुळे ओला थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो. खडीचा उपयोग आहे, पण ती तळाला वेगळी न घालता सगळ्या मातीत मिसळली तर. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू, परलाइट किंवा प्युमिस यांचा वाटा निम्म्याहून अधिक असला तरी बिघडत नाही. बारीक वाळू मात्र पोकळ्या बुजवते. काळी माती भिजली की फुगून पाणी धरते, आणि कोकोपीटही पाणी साठवून ठेवते.

निदानातली सर्वांत महागडी चूक सुरकुत्यांबाबत होते. खोड आक्रसले की झाड तहानले, हा अर्थ सरळ वाटतो. पण मुळे कुजली तरी खोड आक्रसतेच, कारण पाणी असूनही वर चढवायला कोणी उरलेले नसते. अशा वेळी आणखी पाणी घातले की उरलीसुरली मुळेही जातात. लक्षण एकच असल्याने खोडाकडे पाहून निकाल देता येत नाही. माती कोरडी आणि खोड सुरकुतलेले पण घट्ट असेल, तर पाणी देऊन काही दिवस पाहावे; तहान असेल तर झाड भरून येते. माती ओली असताना खोड मऊ पडले, बुडाशी पिवळट किंवा काळपट झाले, तर झाड उपटून मुळे पाहावीत. निरोगी मुळे पांढरट ते फिकट तपकिरी आणि टणक असतात. कुजलेली काळपट, मऊ असतात, त्यांची साल बोटाने निसटते. बुरशीनाशकाची फवारणी कुजलेला भाग जिवंत करत नाही. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने स्वच्छ, डाग नसलेला गर दिसेपर्यंत कापत जावे, काप सावलीत बरेच दिवस वाळवून कोरड्या मिश्रणात लावावा आणि लगेच पाणी देऊ नये.

मात्र प्रत्येक डाग म्हणजे कूज नव्हे. जुन्या खोडाचा बुडाचा भाग सालीसारखा तपकिरी आणि टणक होणे हे वयाचे लक्षण आहे. सावलीतले झाड एकदम कडक उन्हात ठेवल्यावर उन्हाच्याच बाजूला पांढरट-पिवळा चट्टा उठतो. तो भाजल्याचा असतो आणि कायम राहतो, पण पसरत नाही. शेंडा बारीक, फिकट आणि लांबट होणे ही वाढ नसून उजेडाची उपासमार आहे. संगणकाचे ‘रेडिएशन’ कॅक्टस शोषून घेतो या समजुतीपायी तो अंधाऱ्या टेबलावर ठेवला जातो, तिथे हमखास हे होते. शेजारी ठेवलेले रोप पडद्याकडून आपल्याकडे येणारे काहीही अडवू शकत नाही. काट्यांच्या बुडाशी कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. बारीक जाळे आणि तपकिरी, खरखरीत खोड असेल तर लाल कोळी. पिठ्या ढेकूण मुळांवरही लपतो, म्हणून कुंडी बदलताना मुळे तपासावीत आणि नवे रोप काही आठवडे इतरांपासून दूर ठेवावे.

सगळे कॅक्टस वाळवंटी नसतात, मग त्यांनाही हाच नियम कसा, असे कोणी विचारेल. घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून लावलेले, रात्री फुलणारे झाड हाही मध्य अमेरिकेकडच्या जंगलांतला कॅक्टसच. त्याला गाळलेले ऊन आणि अधिक ओलावा लागतो. पण मूळ जागी तो झाडांच्या फांद्यांवर, पालापाचोळ्यात वाढतो, म्हणजे त्याच्या मुळांनाही ओलाव्याइतकीच हवा मिळते. पाण्याचे प्रमाण जातीनुसार बदलते, मोकळ्या मुळांची गरज बदलत नाही. त्यामुळे कोकणात आणि घाटमाथ्यावर जूनपासून वाळवंटी जातींच्या कुंड्या पागोळ्यांपासून दूर, छपराखाली पण भरपूर उजेडात घेणे कोणत्याही औषधापेक्षा उपयोगी ठरते. आणि तरीही झाड बिघडलेच, तर आधी मातीचा ओलावा, मग मुळे, मग उजेड, मग कीड या क्रमाने पाहावे. औषधाच्या बाटलीची पाळी त्यानंतरची.