पिल्लाचं खाद्य : पिशवीच्या मागची ओळ

हरसूलच्या बाजारात एका दुकानात माझ्या पुढे एक भाऊ उभे होते. पिशवीत मीठ, तेल, काड्यापेटी. काखेत पांढऱ्या-तांबड्या रंगाचं दीड-दोन महिन्यांचं गावठी पिल्लू, शर्टाच्या आत नाक खुपसून झोपलेलं. "पन्नासची पेडिग्री द्या," ते म्हणाले. दुकानदाराने कोपऱ्यातल्या उघड्या पोत्यात वाटी घातली, दाणे तोलले, साध्या पिशवीला गाठ मारली. पोत्यावरचं नाव पेडिग्री नव्हतंच. पण वनस्पती तुपाला जसं 'डालडा', तसं कुत्र्याच्या कुठल्याही दाण्यांना आता गावोगाव 'पेडिग्री'.

मी मध्येच तोंड घातलं. "हे पिल्लाचं आहे की मोठ्या कुत्र्याचं?"

दुकानदार म्हणाला, "कुत्र्याचंच आहे."

हरसूल म्हटल्यावर कुणाला संभाजीनगरचा तुरुंग आठवेल. ते नव्हे. हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, वाघेऱ्याच्या घाटापलीकडचं, गुजरातच्या हद्दीलगतचं हरसूल. इथला कुत्रा शोभेचा नसतो. शेळ्या, कोंबड्या राखायच्या, रात्री बिबट्याची चाहूल लागली की वाडी जागी करायची, ही त्याची कामं. भाकरीच्या तुकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली ही जात. आता गिरणारे-नाशिककडे द्राक्षांच्या कामाला गेलेली माणसं येताना दाण्यांची पिशवी आणतात, कधी बागाईतदाराने दिलेलं लॅब्राडोरचं पिल्लूही आणतात. प्रेम खरं असतं, पैसाही घामाचा असतो. चुकतं ते पिशवीची मागची बाजू न वाचण्यात. आणि सुट्या पिशवीला मागची बाजूच नसते.

'कुत्र्याचं खाद्य ते कुत्र्याचं खाद्य, पिल्लाला निराळं कशाला?'

कारण पिल्लू हाडं, स्नायू, मेंदू सगळं एकाच वेळी बांधत असतं. पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची 'आफ्को' नावाची अमेरिकी संघटना आहे. तिचे आकडे जगभरचे उत्पादक मानतात. त्यानुसार ओलावा वजा केलेल्या खाद्यात मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के प्रथिनं लागतात, वाढत्या पिल्लाला २२.५. स्निग्धांश मोठ्याला ५.५ टक्के, पिल्लाला ८.५. कॅल्शियम मोठ्याला किमान अर्धा टक्का, पिल्लाला १.२. म्हणजे दुपटीहून जास्त. पिशवीच्या मागे बारीक अक्षरांत एक ओळ असते, तिच्यात 'ग्रोथ' किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस' हे शब्द शोधायचे. 'अ‍ॅडल्ट' किंवा 'मेंटेनन्स' असेल तर ते खाद्य पिल्लाचं नाही, पुढच्या बाजूला पिल्लाचा कितीही गोड फोटो असो. 'कम्प्लीट' आणि 'कॉम्प्लिमेंटरी' या शब्दांतही गल्लत करू नका. पहिल्याचा अर्थ पूर्ण जेवण, दुसऱ्याचा तोंडीलावणं.

'नागलीत भरपूर कॅल्शियम असतं, पिल्लाला भाकरच पुरे.'

या भागात हे वाक्य फार ऐकू येतं, आणि अर्धं खरं असल्यामुळे ते खोडताना जपावं लागतं. नागलीत कॅल्शियम खरंच जास्त आहे. शंभर ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम, तांदळाच्या कितीतरी पट. पण पिल्लाच्या मापाने मोजा. हजार कॅलरी पोटात जातील तेव्हा त्यासोबत पिल्लाला किमान ३ ग्रॅम कॅल्शियम आणि ५६ ग्रॅम प्रथिनं हवीत. हजार कॅलरीसाठी नागलीचं पीठ लागतं सुमारे तीनशे ग्रॅम. त्यातून कॅल्शियम मिळतं एक ग्रॅमच्या आसपास, प्रथिनं वीस-बावीस ग्रॅम. दोन्हीकडे जेमतेम तिसरा हिस्सा. शिवाय धान्यातलं फायटेट त्यातलं काही कॅल्शियम अडवून ठेवतं. भाकरीवर कुत्रा जगतो, हे आपण पाहतो. भाकरीवर मेलेली आणि फेंगड्या पायांची पिल्लं आपण मोजत नाही, एवढंच.

म्हणून धान्य म्हणजे कुत्र्याला विष, असं मात्र समजू नका. शहरात हल्ली 'ग्रेन-फ्री' पिशव्यांचं फॅड आहे. लांडग्याला धान्य पचत नाही, म्हणून कुत्र्यालाही नको, असा तो युक्तिवाद. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना छापली. पिष्ट पचवणारं विकर बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन, कुत्र्यात त्याहून पुष्कळ जास्त निघाल्या. माणसाच्या उष्ट्यावर वाढता वाढता कुत्र्याचं पोट शेतकऱ्याचं झालं. उलट २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ग्रेन-फ्री खाद्य आणि हृदयाचा एक आजार यांचा संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण जादा पैसे मोजून धान्य टाळण्याचं कारणही सापडलेलं नाही.

'मग नुसतं मटण-चिकन घालतो, तो तर मांसाहारी प्राणी.'

हे भाकरीपेक्षाही महागात पडतं. मांसाच्या गराला फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. प्रमाण एकास पंधरा-वीस इतकं उलटं. पिल्लाला हवं असतं कॅल्शियम फॉस्फरसाच्या बरोबरीने ते दुपटीपर्यंत. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, ओट्यावरून उडी मारल्याचं निमित्त होऊन मोडतात. रानातला लांडगा गराबरोबर हाडंही चघळतो, आपण देतो तो फक्त रस्सा काढलेला गर. आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडं देणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ती चिरफाळतात आणि आतड्यात रुततात.

आता सगळ्यात पसरलेल्या समजाकडे येतो, कारण यात शिकलेले लोक अशिक्षितांच्या पुढे आहेत.

'मोठ्या जातीचं पिल्लू आहे, कॅल्शियमचं औषध चालू ठेवा.'

नाशिकहून लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर आणला की सोबत कॅल्शियमची बाटली येतेच. हाडं जाड व्हावीत, कान उभे राहावेत म्हणून. आता शरीर काय करतं ते पाहा. मोठ्या कुत्र्याला गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम दिलं तर त्याचं आतडं शोषण कमी करतं. लहान पिल्लाच्या आतड्याला, ढोबळमानाने पहिले सहा महिने, हा दरवाजा नीट लावता येत नाही. जेवढं घालाल त्याचा मोठा हिस्सा रक्तात जातो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात हेझेविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं. जादा कॅल्शियमवर वाढलेल्या पिल्लांची हाडं दणकट झाली नाहीत. कूर्चेचं हाडात रूपांतर होण्याची क्रियाच बिघडली, वाढ वेडीवाकडी झाली. म्हणून आफ्कोने वाढलेपणी ३२ किलोच्या पुढे जाणाऱ्या जातींच्या पिल्लांसाठी कमाल मर्यादाही घातली आहे, १.८ टक्के. त्यांच्यासाठी 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेली निराळी पिशवी असते, ती एवढ्याचसाठी. अशी पिशवी घ्यायची आणि वर बाटली ओतायची, म्हणजे मीठ बरोबर पडलेल्या आमटीत पुन्हा मूठभर मीठ.

कान उभे राहणं जातीवर आणि कानाच्या कूर्चेवर असतं. पाय वाकताना दिसले तर बाटली नव्हे, डॉक्टर.

याचाच भाऊबंद असलेला समज म्हणजे पिल्लाला सकाळच्या उन्हात बांधलं की हाडं घट्ट होतात. माणसाच्या बाळाला ते लागू आहे. कुत्र्याची कातडी उन्हातून पुरेसं ड जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ते त्याला खाण्यातूनच मिळावं लागतं. ऊन द्या, ऊब मिळेल. हाडांचा हिशेब ताटात करा.

'जेवढं खाईल तेवढं घाला, पोट टम्म पाहिजे.'

टम्म पोट आणि वर दिसणाऱ्या बरगड्या हे पोसल्याचं नव्हे, बहुधा जंतांचं लक्षण. आईकडूनच जंत येतात, म्हणून जंताचं औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुरू करतात. औषध न देता महागडं खाद्य घालणं म्हणजे जंत पाळणं. आणि निरोगी पिल्लालाही वाट्टेल तेवढं घालायचं नसतं. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून एक अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं, आठ आठवड्यांच्या वयापासून जन्मभर. २००२ मध्ये निकाल छापून आले. कमी खाल्लेल्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. खुब्याची आणि सांध्यांची दुखणीही त्यांना कमी किंवा उशिरा झाली. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर बोटांना लागाव्यात, ही सोपी खूण.

किती घालायचं याचा अंदाज देतो. दोन किलोच्या, चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी लागतात. बहुतेक कोरड्या दाण्यांत शंभर ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात. म्हणजे नव्वद ते शंभर ग्रॅम, तीन-चार वेळांत विभागून. पिशवीमागचा तक्ता पाहा आणि मग पिल्लाकडे पाहून कमी-जास्त करा. गावठी पिल्लाची वाढ वर्षाच्या आसपास आटोपते, लॅब्राडोरसारख्याची सव्वा-दीड वर्षाला. तोवर पिल्लाचंच खाद्य.

दुधाबद्दल थोडक्यात. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश कितीतरी जास्त, दुधसाखर कमी. म्हणून 'दूध-बिस्किट' हे पिल्लाचं पूर्ण जेवण होत नाही, आणि पुष्कळांना त्याने ढाळ लागतात. दाणे कोमट पाण्यात भिजवा, दूध लागत नाही.

खाद्य बदलायचं असेल तर आठवडाभरात हळूहळू जुन्यात नवं मिसळत न्यावं. एकदम बदललं तर पोट सैल होतं, ते दोन दिवसांत सावरतं. पण रक्ताची, घाण वासाची हगवण, उलट्या आणि मान टाकलेलं पिल्लू पाहून 'नवं खाद्य बाधलं' म्हणत बसू नका. तो पार्व्हो हा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो. त्यात तास मोजायचे असतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. आणि द्राक्षाच्या कामावरून येणाऱ्यांना एक सांगणं: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. माणसाचा खाऊ तो पिल्लाचा खाऊ नव्हे.

'पाऊचमध्ये प्रथिनं फक्त ८ टक्के, दाण्यांत २४. म्हणजे पाऊच फसवणूक.'

पाऊचमध्ये ऐंशी टक्के पाणीच असतं. पाणी वजा करून उरलेल्या वीसांत आठ, म्हणजे चाळीस टक्के. दाण्यांत दहा टक्के पाणी; नव्वदात चोवीस म्हणजे सत्तावीसच्या जवळ. तरी भूक भागवायला पाऊच किती लागतील, हे पाहिलं की परवडतात दाणेच.

आता परत त्या उघड्या पोत्याकडे. 'बाजारात विकायला आहे म्हणजे सरकारने तपासलेलं असणार' हाही एक समज. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अन्नाची जी व्याख्या केली, तिच्यातून पशुखाद्य वगळलेलं आहे. भारतीय मानक ब्युरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठीचं मानक आहे, आयएस ११९६८. पण पोत्यातून सुटं दिलेल्या दाण्यांवर कुठला क्रमांक शोधणार? पिशवी गेली की वय गेलं, घटक गेले, तारीख गेली. हरसूलच्या पावसात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे तोंड उघडलेल्या पोत्यातली चरबी खवट होते आणि दाण्यांना बुरशी धरते.

ही बुरशी साधी नसते. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागातल्या आदिवासी गावांत अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी लागलेला मका लोकांनी खाल्ला. साधारण चारशे माणसं काविळीने आजारी पडली, शंभराहून जास्त दगावली. अफ्लाटॉक्सिन हे त्यामागचं विष. त्याच घरांतली, त्याच मक्यावर जगणारी कुत्रीही पोटात पाणी होऊन मेली. असा दाणा भाजून, धुऊन विष जात नाही. टाकून द्यावा, कोंबड्यांनाही घालू नये.

पूर्ण वाढीचं खाद्य प्रत्येकाला परवडेल असं मी म्हणत नाही. गावठी पिल्लू वर्षाचं होईतो चाळीसेक किलो दाणे सहज संपवतं. पैसे थोडेच असतील तर ते पहिल्या चार-पाच महिन्यांवर खर्च करा. वाढीचा वेग तेव्हाच सर्वांत जास्त असतो. अर्धे पिल्लाचे दाणे, अर्धी भाकर आणि जोडीला उकडलेलं अंडं, हे नुसत्या भाकरीपेक्षा खूप बरं. पूर्ण जेवण ते नव्हेच, पण पन्नासच्या त्या अनोळखी दाण्यांपेक्षा मी तेच निवडेन.

आणि सुटंच घ्यायची वेळ आली, तर दुकानदाराला पोतं फिरवायला सांगा. मागच्या ओळीचा आणि तारखेचा मोबाइलवर फोटो काढा, दाण्यांचा वास घ्या. पोतं फिरवायला तो नाही म्हणाला, तर त्या पन्नासची अंडी घ्या.