हुक कुणाचा, हुकूम कुणाचा?

संगमेश्वर तालुक्यात सातबारा माहीत नाही असं घर सापडणं कठीण. जमीन विकली किंवा वारस लावायचे असले, की ज्यांना आपण तलाठी म्हणत आलो त्यांच्याकडे फेरफाराची नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबारा बदलतो. कुणी, कधी, कशाच्या आधारे बदल केला, हे मागे जाऊन वाचता येतं.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही अशी वही लागते. त्यांची सर्वांत जास्त वापरातली वही म्हणजे ‘गिट’. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एप्रिल 2005 मध्ये तयार केली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवली. देवरुखला बसलेला मुलगा आणि पुण्यातली त्याची सहकारी एकाच प्रोग्रॅमवर वेगवेगळं काम करतात. शास्त्री आणि सोनवी संगमेश्वरी मिळतात, तसे त्यांचे दोन प्रवाह गिटमध्ये एकत्र येतात. प्रत्येक बदलाची नोंद राहते.

आता हुक म्हणजे काय? फेरफाराची नोंद झाली की नोटीस निघाली पाहिजे, हा नियम आहे. तसंच गिटला सांगून ठेवता येतं, की अमुक घटना घडली की तमुक आज्ञा चालव. समजा, फाइलमध्ये चुकून बँकेचा पासवर्ड राहून गेला. नोंद पक्की होण्याआधी चालणारा हुक फाइल तपासतो आणि ‘थांबा’ म्हणतो. माणूस विसरला तरी हुक विसरत नाही.

सुरुवातीपासून हे हुक प्रत्येक प्रकल्पाच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहतात. दुसऱ्याचा प्रकल्प तुम्ही उतरवून घेतलात, तरी त्याचे हुक सोबत येत नाहीत. हे मुद्दाम केलेलं आहे. हुक म्हणजे तुमच्या संगणकावर, तुमच्या नावाने चालणारा हुकूम. तो परक्याने पाठवायचा आणि तुम्ही नकळत पाळायचा, हे कसं चालेल?

पण यात गैरसोयही आहे. दहा प्रकल्प असले, तर तोच हुक दहा ठिकाणी ठेवावा लागतो. शिवाय एका घटनेला एकच हुक. जून 2016 मधल्या 2.9 आवृत्तीत सगळे हुक एकाच फोल्डरमधून घेण्याची सोय झाली. पुढे 2020 पासून आणखी मोकळी कल्पना चर्चेला आली. हुक सेटिंगच्या फाइलमध्येच लिहायचे, एका घटनेला दोन-तीन जोडायचे आणि ते संपूर्ण संगणकाला, एका माणसाला किंवा एका प्रकल्पाला लागू करायचे. तिचा पाया घालणारी, हुक चालवण्याची स्वतंत्र आज्ञा एप्रिल 2022 मधल्या 2.36 आवृत्तीत आली.

एवढ्याशा सोयीला वर्षानुवर्षं का लागावीत? कारण गिटचा बहुतांश गाभा ‘सी’ भाषेत लिहिलेला आहे आणि त्यातला प्रत्येक बदल दुसऱ्यांनी वाचल्याशिवाय आत येत नाही. सी वेगवान आहे, पण राखण करत नाही. दहा अक्षरांच्या जागेत तुम्ही वीस अक्षरं भरलीत, तरी ती अडवत नाही. शेजारची माहिती पुसली जाते. म्हणून मजकुराची नक्कल करणारी सी भाषेतली काही जुनी, धोकादायक फंक्शन्स गिटने 2018 साली सरळ बंदीच्या यादीत टाकली. ती वापरली, तर प्रोग्रॅम तयारच होत नाही.

पण ही झाली यंत्राने धरायची चूक. तपासणाऱ्याने धरायची चूक वेगळी असते. समजा, एका घटनेला तीन हुक आहेत. पहिला ‘ठीक’ म्हणाला, दुसरा ‘थांबा’, तिसरा पुन्हा ‘ठीक’. लिहिणाऱ्याने फक्त शेवटचं उत्तर जपून ठेवलं असेल, तर मधला नकार हरवला! कोड चालतो, कुठेही अडत नाही आणि पासवर्ड मात्र बाहेर जातो. ही चूक वाचणाऱ्या माणसालाच दिसते. दुसरा प्रश्न याहून मोठा: ही आज्ञा ज्या फाइलमधून आली, ती फाइल लिहिली कुणी?

हा प्रश्न पुस्तकी नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका संगणकावर अनेक जण बसतात. सामाईक जागेत एकाने मुद्दाम ठेवलेलं गिटचं फोल्डर दुसऱ्याच्या कामाला लागू होऊन भलतीच आज्ञा चालू शकते, हे एप्रिल 2022 मध्ये उघड झालं. तेव्हापासून गिट आधी फोल्डरचा मालक कोण, हे पाहतं. मे 2024 मध्ये आणखी एक फट सापडली. विंडोज आणि मॅकवर, खास रचलेला प्रकल्प उपप्रकल्पांसह उतरवून घेताना परक्याचा हुक लपलेल्या फोल्डरमध्ये शिरून तिथल्या तिथे चालत होता. जे येऊ नये म्हणून सुरुवातीपासून दार बंद ठेवलं, तेच खिडकीतून आत आलं.

ती फट 2.45.1 आवृत्तीत बुजवली. त्याच वेळी जास्तीची खबरदारी म्हणून असंही ठरवलं, की प्रकल्प उतरवताना नवा हुक दिसला तर काम थांबवायचं. पण मोठ्या फाइली सांभाळणारी ‘गिट एलएफएस’ ही जोडणी नेमके त्याच वेळी आपले हुक बसवते. तिचं काम अडलं. ती खबरदारी 2.45.2 मध्ये मागे घ्यावी लागली. चोर आत येऊ नये, पण पाहुणाही दारात अडू नये. तपासणी करणाऱ्याची खरी कसरत हीच आहे.

तुमच्या घरी कुणी संगणकाचं शिक्षण घेत असेल, तर त्याला तीन गोष्टी जरूर सांगा. गिट अद्ययावत ठेव. अनोळखी प्रकल्पाने सांगितलेली सेटिंग वाचल्याशिवाय स्वीकारू नकोस. आणि लिहिण्याइतकंच वाचायला शीक. गिटचा कोड सर्वांना खुला आहे. आंबवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी मुलगीही त्यातला बदल वाचून हरकत घेऊ शकते. फेरफारावर वेळेत घेतलेली एक योग्य हरकत पुढची कोर्टकचेरी वाचवते. इथेही तसंच आहे.