दुबळ्या सांध्याचे बळ

चिंचवडगावी पवनेच्या काठी मोरया गोसावींचे समाधिमंदिर आहे, आणि त्याच्या भिंतीतील देवनागरी शिलालेखात अशी नोंद आहे की देवालयाच्या कामास शके १५८०, विलंबी संवत्सरी, कार्तिक शुद्ध द्वादशीस प्रारंभ झाला व पुढील विकारी संवत्सरी आषाढ शुद्ध चतुर्थीस, सोमवारी, ते सिद्धीस गेले. इंग्रजी कालगणनेत ही मुदत नोव्हेंबर १६५८ ते जून १६५९ अशी, म्हणजे सुमारे साडेसात महिन्यांची होते. शिलालेखाकडे आपण इतिहासाचा दाखला म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे; पुढच्याच वर्षी शायिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घालून सुरुंगाने त्याचा बुरूज उडविला, हे ध्यानी घेतले म्हणजे किती धामधुमीच्या काळात हे काम तडीस गेले ते उमगते. परंतु पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाला या दोन तिथींत आणखी एक गोष्ट वाचता येते. कार्तिकात पूर ओसरून नदी पात्रात परतलेली असते आणि आषाढारंभी आर्द्राचा पाऊस तोंडावर आलेला असतो. या दोहोंमधला सारा कोरडा हंगाम गवंड्यांनी कामी लावला होता.

या मुलखात दगडाची वाण कधीच नव्हती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वारंवार उसळलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार घडले, आणि त्याच थरांतला काळा पाषाण मावळातल्या व खेड-चाकणकडच्या देवळांच्या, घाटांच्या व वाड्यांच्या जोत्यांच्या कामी आला. घट्ट जातीचा हा पाषाण चौरस सेंटिमीटरला हजार किलोग्रॅमहून अधिक भार सहज पेलतो आणि पाणी मात्र फारच थोडे शोषतो. त्याच्याच जवळच्या थरांत बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा, पांढऱ्या खनिजांनी भरलेला सच्छिद्र खडकही सापडतो. तो लौकर झिजतो, म्हणून छिन्नीच्या नादावरून दगडाची पारख करणारा पाथरवट भाराच्या जागी तो बसवीत नसे.

उणीव होती ती चुन्याच्या खडकाची. पठारावर चुनखडकाचे डोंगर नाहीत. तथापि ओढ्यानाल्यांच्या काठच्या गाळात आणि काळ्या मातीच्या पोटात चुनखडीचे वेडेवाकडे, मातकट गोटे मिळतात. जमिनीतले पाणी आटताना त्यातला चुना साकळून ते तयार होतात. हे गोटे वेचून, सुमारे ९०० अंश उष्णतेच्या भट्टीत भाजून त्यांची कळी करणे हा लोणाऱ्यांचा पिढीजात व्यवसाय होता. भाजताना गोट्यातला कर्बवायू निघून जातो; कळीवर पाणी ओतले की ती फसफसून तापते व विरते; मग वाळू किंवा विटांची सुरखी मिसळून हा चुना बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली घोटीत. बांधकामात बसल्यावर तोच चुना हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीचे रूप धारण करतो.

या गोट्यांत चिकणमाती मिसळलेली असते, आणि वरवर पाहता अशुद्धी वाटणारी हीच गोष्ट नदीकाठच्या बांधकामास उपकारक ठरते. भट्टीच्या उष्णतेत मातीतली सिलिका व अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात, आणि त्यामुळे ओलाव्यातही घट्ट होण्याचा गुण चुन्याच्या अंगी येतो. शुद्ध चुन्याला घट्ट होण्यासाठी हवाच लागते. गोट्यांचा चुना मात्र हवा न पोहोचणाऱ्या ओल्या पायातही काही अंशी जमतो. सुरखीचे कार्यही याच जातीचे आहे.

तरीही हा चुना पाषाणाच्या मानाने फारच दुबळा. चौरस सेंटिमीटरला दहापासून पन्नास किलोग्रॅम एवढीच त्याची भारशक्ती. माझ्या मते या बांधणीचे मर्म याच दुबळेपणात आहे. जाड दगडी भिंत बहुधा दुहेरी असते; बाहेरच्या व आतल्या घडीव थरांच्या मध्ये खंडक्यांची व चुन्याची भर घातलेली असते. पाया किंचित खचला किंवा उन्हाने दगड प्रसरण पावला, तर त्याचा ताण सांध्याने सोसावा व दगड अभंग राहावा, अशी ही योजना आहे. सांध्यात बारीक चीर पडली तर झिरपणारे पाणी चुन्याचा अल्प अंश विरघळवून त्याच चिरेत पुन्हा साठविते आणि ती कालांतराने बुजते. शिवाय काळा पाषाण जवळजवळ श्वासच घेत नसल्याने भिंतीच्या पोटातली ओल बाहेर पडण्याची मुख्य वाट सांध्यांचीच असते.

ही वाट किती मोलाची आहे, ते पवनेच्या पुरात कळते. मावळात मुसळधार पाऊस झाला आणि धरणातून विसर्ग वाढला की नदीचे पाणी समाधिमंदिराच्या आवारात, कधी थेट गाभाऱ्यापर्यंत येते. पूर ओसरला तरी भरीतली ओल पुढे कित्येक आठवडे सांध्यांवाटे निघत असते. अशा बांधकामाचे सांधे सिमेंटने भरले किंवा आतून तैलरंग चढविला, तर ओल कोंडते, पाण्यातले क्षार पृष्ठभागाच्या आत स्फटिकरूपाने वाढतात, त्यांच्या दाबाने पापुद्रे सुटतात व जुना चुना भुसभुशीत होतो. नदीत सांडपाणी मिसळलेले असेल तर क्षारांचा भार अधिकच. वरून घट्ट दिसणारी डागडुजी आतून इमारत पोखरीत असते, आणि हा अपाय बहुधा भक्तांच्या उदार देणगीतून व निर्मळ हेतूने घडतो, याचे दुःख अधिक वाटते.

इंग्लंडातील खेड्यापाड्यांच्या मध्ययुगीन चर्चवास्तूंनी हाच अनुभव घेतला आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्यांचे जुने अंग खरवडले जाऊ लागले तेव्हा विल्यम मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ मंडळ स्थापिले. जोसेफ अॅस्पडिन यांनी १८२४ मध्ये ज्याचे पेटंट घेतले ते पोर्टलंड सिमेंट पुढे या चर्चच्या चुन्याच्या सांध्यांत भरले गेले आणि कित्येक ठिकाणी मऊ दगड झडू लागला. आता तेथे ते सिमेंट जपून काढून पुन्हा चुना भरतात.

आपल्याकडे हे करण्यास साधनांची वानवा नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली तेव्हापासून रासायनिक पृथक्करण या परिसराला परिचित आहे, आणि चाकणपर्यंतच्या कारखान्यांतून धातूची व रबराची कसून परीक्षा घेतल्याखेरीज एक सुटा भागही जोडला जात नाही. तीच शिस्त गावच्या देवळाला का लागू नये? सुपारीएवढा सुटलेला चुना सौम्य आम्लात विरघळविला की चुन्याचा अंश बुडबुडत निघून जातो आणि तळाशी वाळू, सुरखी व माती उरते. तिचे वजन व कणांचा आकार मोजला की जुन्या मिश्रणाचे प्रमाण बरेचसे हाती येते. भिंतीची ओल पावसाळ्याआधी व नंतर मोजून तिची नोंद ठेवणे तर याहूनही सोपे. जीर्णोद्धाराच्या प्रत्येक मंजुरीपूर्वी ही परीक्षा सक्तीची करावी, तिचे कागद देवस्थानाच्या दफ्तरी जपावेत, आणि चुना घोटण्याची विद्या अजून ज्यांच्या हाती आहे अशा गवंड्यांना नव्या पोरांना शिकविण्यासाठी रीतसर वेतन द्यावे. ज्या बांधकामाने साडेतीन शतके पुराचे पाणी सोसले, त्याला बळकटी आणण्यापूर्वी ते कशाच्या बळावर टिकले याची चौकशी करणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.